आधी टाकीत पाणी आहे का ते बघा: प्रयोगशाळेतली आपत्कालीन तयारी, नव्या माणसासाठी

पीएच.डी.साठी रसायनशास्त्राच्या संशोधन केंद्रात गेले, तेव्हा कपाटात ‘आपत्कालीन योजना’ नावाची जाडजूड फाइल होती. नॅकची, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेची, टीम येणार म्हणून केलेली. चौथ्या पानावर भलत्याच कॉलेजचं नाव तसंच राहून गेलेलं आणि नकाशात लिफ्टकडे जायचा बाण. आमची इमारत एकमजली होती.

पुढच्या मे महिन्यात, दुपारी तीनच्या सुमारास, एका ज्युनियर मुलीच्या डोळ्यात केओएचचं (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, एक जहाल अल्कली) द्रावण उडालं. ती सिंककडे धावली. नळाने फुस्स केलं, दोन थेंब टाकले आणि गप्प झाला. टँकर संध्याकाळी यायचा होता. प्रथमोपचार पेटीतली डोळे धुवायची बाटली मुदत संपलेली, तिचं झाकण फिरेना. शेवटी आमच्या मामांनी, म्हणजे विभागाच्या शिपायांनी, ऑफिसातला पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार खांद्यावर टाकून आणला. मी तिच्या पापण्या बोटांनी उघड्या धरल्या, मामांनी जार तिरका धरला. "मामा, धार बारीक!" एवढंच मी ओरडत होते. दवाखान्यात डॉक्टरांनी तीन प्रश्न विचारले: काय उडालं, किती तीव्र होतं, किती वेळ धुतलं. पहिल्याचं उत्तर अर्धवट, दुसऱ्याचं कोणालाच माहीत नाही. तिसऱ्याचं मात्र मामांनी दिलं, "जार सरेस्तोवर, साहेब."

डोळा वाचला. फाइल कपाटातच होती.

आता अशाच एका लॅबची जबाबदारी माझ्याकडे आहे. दरवर्षी नवीन स्कॉलर येतात आणि तेच प्रश्न विचारतात, म्हणून हे एकदाच लिहून काढलं. उदाहरणं रसायनशास्त्राची असली तरी जैवतंत्रज्ञान, माती परीक्षण, औषधनिर्माण अशा कुठल्याही लॅबला यातलं बरंच लागू पडेल.

हाताशी काय काय हवं

- रसायनांची साठा नोंदवही. कपाटात खरोखर जे आहे ते लिहिलेली. खरेदीच्या बिलांवरून उतरवलेली नको.
- तुम्ही वापरता त्या प्रत्येक रसायनाचं एसडीएस, म्हणजे सुरक्षा माहितीपत्रक. कागदावर छापलेलं. मोबाइलमधल्या पीडीएफचा लाईट आणि नेटवर्क गेल्यावर उपयोग नाही.
- इमारतीचा नकाशा, स्वतः पायी फिरून हाताने काढलेला.
- अग्निशामक सिलिंडर शेवटचे कधी भरले आणि तपासले, त्याच्या चिठ्ठ्या.
- कोणती किल्ली कोणाकडे, याची यादी.
- एक बादली, एक घड्याळ, एक थर्मामीटर. कशाला, ते दुसऱ्या पायरीत.

१. लॅब पायी फिरा

एक अख्खी दुपार काढा. दारापासून सुरुवात करून भिंतीभिंतीने फिरा आणि दिसेल ते वहीत टिपत जा. मेन स्विच कुठे, गॅसचा कॉक कुठे, दुसरं दार उघडतं की त्याच्यामागे मोडक्या खुर्च्यांचा ढीग लावलाय. आमच्याकडे ढीगच होता, आणि त्या दारावर हिरव्या अक्षरात ‘बाहेर जाण्याचा मार्ग’ असं ठळक लिहिलेलं होतं.

मग कपाटं उघडा. सगळ्यात मोठा सापळा इथे असतो: बाटल्या इंग्रजी अक्षरक्रमाने लावलेल्या असतात. दिसायला नीटनेटकं, शोधायला सोपं. पण त्या क्रमाने नायट्रिक अ‍ॅसिडच्या शेजारी नायट्रोबेंझिन येऊन बसतं. एक पक्कं ऑक्सिडायझर, म्हणजे दुसऱ्याला पेटायला मदत करणारं, दुसरं जळणारं. बाटल्या स्वभावाप्रमाणे लावा. आम्लं एकीकडे, अल्कली दुसरीकडे, सॉल्व्हंट (विद्रावक) तिसरीकडे, ऑक्सिडायझर सगळ्यांपासून लांब. नायट्रिक अ‍ॅसिड इतर आम्लांपासूनही वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा, कारण असेटिक अ‍ॅसिडशीदेखील त्याचं जमत नाही. सायनाइडच्या आसपास कुठलंही आम्ल नको. जड बाटल्या खालच्या फळीवर, डोळ्यांच्या उंचीच्या वर द्रव काहीच नाही.

ईथर आणि टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान, हेही एक सॉल्व्हंट) यांच्या बाटल्यांवर उघडल्याची तारीख आहे का बघा. हवा आणि उजेड लागून त्यांत पेरॉक्साइड तयार होतात आणि ते स्फोटक असतात. जुन्या बाटलीच्या झाकणाभोवती खडे दिसले, तर ती उघडू नका, हलवूही नका. गाईडना सांगा आणि तोवर दुसऱ्या कोणाला तिकडे फिरकू देऊ नका.

टाकाऊ द्रवाची बाटली हा प्रकार तर कोणाच्या यादीतच नसतो. सिंकखाली एक मोठी बाटली असते आणि जो येतो तो तिच्यात ओततो. कोणी काचसामान नायट्रिकने धुवून ते ओतलं, कोणी वरून असिटोन ओतलं आणि झाकण घट्ट लावून घरी गेलं, की वायू साठत जातो आणि बाटली रात्रीतून फुटते. त्या वेळी तिथे कोणी नसलं तर नशीब. नायट्रिकच्या टाकाऊ द्रवाची बाटली वेगळी ठेवा, तिच्यावर नाव लिहा आणि झाकण वायू सुटेल असं वापरा.

गॅस सिलिंडर साखळीने भिंतीला बांधलेत का? साखळी दोन उंचींवर हवी, एक खाली आणि एक वर. रंग पाठ करा: हायड्रोजन लाल, ऑक्सिजन काळा, नायट्रोजन राखाडी आणि मान काळी. डिसेंबर २०१८ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्रयोगशाळेत स्फोट होऊन एका संशोधकाचा जीव गेला, तो गॅस सिलिंडरशी संबंधित होता. मोठ्या संस्थेत घडतं, आपल्याकडे नाही, असं कोणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या.

२. पाणी मोजा

ही पायरी पुण्या-मुंबईच्या माणसाने लिहिली असती तर दोन ओळींत उरकली असती. आपल्याकडे मराठवाड्यात तसं चालत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूरला पाजावं लागलं होतं. नळाला चौथ्या-आठव्या दिवशी पाणी येणाऱ्या गावात ‘अपघात झाल्यास पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा’ हे वाक्य भिंतीवर चिकटवून भागत नाही.

हिशोब करा. आपत्कालीन शॉवरसाठी सहसा धरलं जाणारं प्रमाण मिनिटाला सुमारे ७६ लिटर आहे आणि तो पंधरा मिनिटं चालला पाहिजे. म्हणजे साधारण १,१४० लिटर. गच्चीवर हजार लिटरची टाकी असेल आणि तिच्यावरच अख्ख्या विभागाचे नळ असतील, तर शॉवर नुसता शोभेचा.

डोळे धुण्याचा हिशोब मात्र आपल्या आवाक्यातला आहे. तिथे मिनिटाला किमान दीड लिटर लागतं, म्हणजे पंधरा मिनिटांना साडेबावीस लिटर. वीस लिटरचा एक जार आणि वर थोडं. मामांनी त्या दिवशी खांद्यावर आणलं ते जवळपास बरोबर मापाचं होतं, हे मला नंतर कागदावर मांडल्यावर कळलं.

मग करायचं काय?

शॉवर आणि आयवॉशसाठी (डोळे धुवायचा फवारा) वेगळी टाकी मागा. तिच्यावर दुसरा एकही नळ नको. प्रस्ताव मंजूर व्हायला वेळ लागतो, त्यामुळे तोवर प्रत्येक लॅबमध्ये पाण्याचे दोन बंद जार राखीव ठेवा. एकाला तळाशी तोटी बसवून घ्या, म्हणजे उचलून तिरका धरायची वेळ येणार नाही. जारवर लाल पट्टी आणि ‘पिऊ नये’ असं मराठीत. ही पट्टी लावली नाही तर एप्रिल उजाडायच्या आत कोणीतरी पिऊन टाकतं, अनुभव आहे. दर सोमवारी पाणी बदला आणि तारीख टाका. जुनं पाणी फेकायचं नाही. आमचे मामा ते दारातल्या कडुनिंबाला घालतात आणि त्या निमित्ताने पाणी खरंच बदललं जातं.

आयवॉश बसवलेला असेल तर तो आठवड्यातून एकदा बादली लावून चालवा, घड्याळ लावून पाणी मोजा. नळीत साचलेलं तांबूस पाणी आधी निघून जाऊ द्या, नाहीतर अपघाताच्या दिवशी तेच डोळ्यात जाईल. पाण्यात थर्मामीटर धरा. धुण्याचं पाणी साधारण १६ ते ३८ अंशांच्या मधलं हवं. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं, मग तिथे कोणी पंधरा मिनिटं डोळा धरेल का? टाकीवर सावली करा, पाइप झाकून घ्या. सावलीत ठेवलेला जार या बाबतीतही टाकीपेक्षा बरा.

आणि अंतर. डोळे मिटून कुठल्याही बाकापासून दहा सेकंदांत तिथे पोचता आलं पाहिजे. खरंच डोळे मिटून चालून बघा. आमचा एक स्कॉलर स्टुलाला धडकला, त्या दिवसापासून मधल्या वाटेत स्टूल ठेवत नाही.

३. मे महिना आणि गेलेली लाईट

डायएथिल ईथर ३४.६ अंशांना उकळतं, डायक्लोरोमिथेन ३९.६ला. परभणीत किंवा नांदेडात मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो. म्हणजे बंद खोलीत ठेवलेली ईथरची बाटली न तापवता उकळीच्या तापमानाला पोचलेली असते. झाकण उघडलं की वाफ थेट तोंडावर, आणि ती हवेपेक्षा जड असल्याने बाकावरून घरंगळत लांबच्या बर्नरपर्यंत जाते.

यावर लोक काय करतात, तर बाटली घरगुती फ्रीजमध्ये ठेवतात. हे करू नका. फ्रीजच्या आतला दिवा आणि थर्मोस्टॅट ठिणगी टाकू शकतात, आणि आत साठलेल्या वाफेला तेवढी पुरते. सॉल्व्हंटसाठी बनवलेला ठिणगीरहित फ्रीज नसेल तर ईथर अर्ध्या लिटरच्या बाटलीतच मागवा, तळमजल्यावरच्या सगळ्यात थंड, एक्झॉस्ट असलेल्या खोलीत ठेवा आणि उन्हाळ्यात त्याचं काम सकाळी लवकर उरका. दुसरं सॉल्व्हंट चालत असेल तर उत्तमच.

कूलर हा आपला लाडका. पण फ्यूम हूडच्या (वाफ ओढून बाहेर टाकणारं, पुढे सरकती काच असलेलं कपाट) समोर कूलर किंवा उभा पंखा लावला, की हूडची ओढ मोडते आणि वाफ बाहेर तुमच्याच नाकात येते. उदबत्ती पेटवून हूडच्या काठाशी धरा, तेही जवळपास सॉल्व्हंट उघडं नसताना. धूर आत गेला तर ठीक. बाहेर वळला तर कूलरचं तोंड फिरवा.

आता लाईट. रिफ्लक्स लावलाय, म्हणजे फ्लास्क मँटलवर (तापवायच्या विजेच्या शेगडीवर) उकळतोय आणि वरचा कंडेन्सर वाफ गार करून परत खाली सोडतोय, कंडेन्सरला पाणी फिरवायला टबात कूलरचाच पंप सोडलाय (पाणी वाचवायला सगळे हेच करतात, त्यात चूक काही नाही) आणि लाईट गेली. हूड बंद, पंप बंद, मँटल बंद. स्कॉलर चहाला जातो. वीस मिनिटांनी लाईट येते. मँटल आपोआप तापायला लागतो, पण पंपाची नळी निसटलेली असते किंवा पंप हवा धरून बसतो. कंडेन्सर कोरडा, सॉल्व्हंटची वाफ खोलीत. लाईट जाण्यापेक्षा ती परत येणं जास्त धोक्याचं असतं. म्हणून लाईट गेली की याच क्रमाने करा: मँटलचा प्लग काढा, फ्लास्क मँटलवरून वर उचला, उघड्या बाटल्यांची झाकणं लावा, हूडची काच खाली ओढा, बाहेर या. हे पाच शब्दांत लिहून हूडवर चिकटवा: प्लग, फ्लास्क, झाकण, काच, बाहेर.

४. माणसं, फोन, किल्ल्या

योजनेत ‘सुरक्षा समिती अध्यक्ष’ असं पद लिहिलेलं असतं. पद फोन उचलत नाही. माणसाचं नाव आणि मोबाइल नंबर लिहा आणि त्याच्याखाली तो रजेवर असला तर दुसरं नाव. दाराच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे कागद लावा. बाहेरचा कागद महत्त्वाचा, कारण रात्री धूर बघून वॉचमन बाहेरच उभा असतो.

त्याच कागदावर: ११२ सर्व आपत्कालीन मदत, १०८ रुग्णवाहिका, १०१ अग्निशमन, आणि विषबाधेसाठी दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र १८००-११६-११७. जुन्या दगडी इमारतीत रेंज येत नाही. कुठल्या खिडकीशी येते तेही लिहून ठेवा.

फोनवर काय बोलायचं तेही लिहा. ‘केमिस्ट्री डिपार्टमेंट’ म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. गावातली खूण सांगा, कोणतं गेट उघडं आहे ते सांगा आणि एक माणूस गेटवर पाठवा. आग लागलेली असेल तर आत काय काय ठेवलंय, हे बंबवाल्यांना पहिल्या वाक्यात सांगा. साठ्याच्या यादीची एक प्रत वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवायची ती याचसाठी. आतल्या कपाटातली यादी आतच जळते.

किल्ल्यांचं वेगळं दुखणं. मेन स्विचच्या खोलीला कुलूप आणि किल्ली क्लार्कसाहेबांच्या ड्रॉवरमध्ये, तेही पाचला घरी जातात. दुसरी किल्ली काचेच्या छोट्या पेटीत बाहेर लटकवा. हे मंजूर करून घ्यायला मला दोन पत्रं आणि एक वाद घालावा लागला.

रात्री एकट्याने काम करायचं नाही. दिवाळीच्या सुट्टीत तर अजिबात नाही, तेव्हा टाकीही कोणी भरत नाही.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते: लॅब असिस्टंट आणि मामा यांना योजनेत पहिल्या रांगेत बसवा. काही घडलं की धावत येणारा पहिला माणूस बहुतेक वेळा तेच असतात. एसडीएसचे सोळा भाग असतात आणि ते इंग्रजीत असतं. त्यातले चौथा प्रथमोपचाराचा, पाचवा आगीचा आणि सहावा सांडल्यावर काय करायचं याचा. लॅबमधल्या दहा सगळ्यात धोकादायक रसायनांपुरते हे तीन भाग साध्या मराठीत, प्रत्येकी अर्ध्या पानात लिहून काढा. नव्या स्कॉलरला मी पहिल्या आठवड्यात हेच काम देते. लिहिता लिहिता त्याचंही शिक्षण होतं.

५. दोन पेट्या

पहिली, प्रथमोपचाराची. निर्जंतुक गॉज, बँडेज, कात्री, हातमोजे. एचएफ (हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड) वापरत असाल तर कॅल्शियम ग्लुकोनेट जेल असल्याशिवाय त्याची बाटली उघडूच नका. एचएफची जखम आधी दुखत नाही, आत हाडापर्यंत जाते. पेटीला कुलूप लावू नका.

दुसरी, सांडल्यावरची. खाण्याचा सोडा पाच किलो, सायट्रिक अ‍ॅसिड एक किलो, कोरडी वाळू दोन बादल्या, प्लास्टिकचं सुपडं, जाड नायट्राइल हातमोजे, गॉगल, जाड पिशव्या. थर्मामीटर फुटत असतील तर गंधकाची पूड. पारा झाडूने लोटायचा नाही, त्याचे आणखी बारीक मणी होऊन फटीत जातात.

वाळू कोरडी आहे ना, हात घालून बघा. पावसाळ्यात ती ओल धरते. सोडियमच्या आगीवर ओली वाळू टाकणं म्हणजे आगीला आमंत्रण.

लाकडाचा भुसा बऱ्याच लॅबमध्ये पोत्याने ठेवतात. नायट्रिक किंवा परक्लोरिक अ‍ॅसिडवर तो टाकायचा नाही, पेट घेतो.

६. प्रत्यक्ष घडलं की

आधी ओरडा. नव्या मुलांना संकोच वाटतो, सर रागावतील म्हणून ती गुपचूप फडक्याने पुसायला जातात. ओरडा, लोकांना बाजूला करा, मग पुढचं.

डोळ्यात गेलं: लगेच धुवा. पापण्या उघड्या धरून, नाकाकडून कानाकडे धार, म्हणजे घाण दुसऱ्या डोळ्यात जात नाही. कॉन्टॅक्ट लेन्स धुता धुता काढा, त्यासाठी थांबू नका. पूर्ण पंधरा मिनिटं. तीन मिनिटांत ‘आता बरं वाटतंय’ म्हणून मुलं उठतात, उठू देऊ नका. अल्कली आम्लापेक्षा खोल जाते आणि सुरुवातीला कमी झोंबते. डोळ्यात आम्ल गेलं म्हणून वरून सोडा घालणं वगैरे काही करायचं नाही. फक्त पाणी.

अंगावर सांडलं: कपडे काढा. इथे लाज आडवी येते, विशेषतः मुलींच्या बाबतीत. म्हणून शॉवरजवळ एक पडदा आणि दोन जुने पण स्वच्छ गाऊन टांगून ठेवा. या पडद्याला दोनशे रुपये लागले, आणि माझ्या मते आमच्या लॅबमधली ती सगळ्यात उपयोगी खरेदी आहे.

कपड्यांनी पेट घेतला: पळू नका, पळू देऊ नका. शॉवर चार पावलांवर असेल तर शॉवर, नसेल तर जमिनीवर लोळवा, फायर ब्लँकेट गुंडाळा. कातडीला चिकटलेलं कापड ओढू नका. भाजलेल्या जागी वीस मिनिटं गार पाणी. टूथपेस्ट, हळद, शाई यातलं काहीही नाही. २००८ च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसच्या एका विद्यापीठात हवेत आपोआप पेटणारं रसायन सिरिंजमधून उडालं आणि एका तरुण संशोधिकेच्या कृत्रिम धाग्याच्या स्वेटरने पेट घेतला. तिच्या अंगावर लॅबकोट नव्हता, आणि खोलीत शॉवर असून त्या गडबडीत वापरला गेला नाही. अठरा दिवसांनी ती गेली. लॅबमध्ये सिंथेटिक ओढणी नको, हे मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी कोणीतरी नाक मुरडतं. सुती कपडे, केस बांधलेले, ओढणी बाहेर.

बीकरमध्ये आग: वॉचग्लास किंवा उलटं भांडं झाका. बाकावर पसरली तर अग्निशामक सिलिंडर, पण तीन अटींवर. आग बादलीएवढीच असावी, दार तुमच्या पाठीमागे असावं, आणि लोक बाहेर पडलेले असावेत. पिन ओढा, आगीच्या मुळाशी नेम धरा, दाबा, डावीउजवीकडे फिरवा. सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत संपतो. विझली नाही तर दार ओढून घ्या आणि निघा, दुसरा सिलिंडर शोधत बसू नका. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर फार जवळून मारला तर पेटतं सॉल्व्हंट भांड्याबाहेर उडतं, आणि त्याचं भोंग्यासारखं तोंड हाताने धरलं तर बोटं गारठून चिकटतात. सोडियम, लिथियमवर पाणी नाही, कार्बन डायऑक्साइडही नाही. सोडियमवर फक्त कोरडी वाळू.

सांडलं: आम्ल असेल तर सोडा कडेने गोल टाकत आत या, फसफस थांबेपर्यंत. ज्वालाग्राही सॉल्व्हंट असेल तर खोलीतलं कुठलंच बटण दाबू नका, चालू करायलाही नाही आणि बंद करायलाही नाही. लाईट बाहेरच्या मेन स्विचवरून तोडा. लिटरभराहून जास्त सांडलं, धूर येतोय, किंवा काय सांडलं ते कळत नाही, तर ते आवरणं तुमचं काम नाही. बाहेर या.

वायू: हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास एकदम नाहीसा झाला म्हणून खूश होऊ नका. प्रमाण वाढलं की नाकच मरतं. द्रव नायट्रोजन आपल्याकडे घराघरात माहीत आहे, गुरांच्या दवाखान्यात वीर्य ठेवायला तीच टाकी असते, त्यामुळे लोक तिला भीत नाहीत. पण एका लिटरचे सुमारे सातशे लिटर वायू होतात आणि बंद खोलीतला ऑक्सिजन हटतो. वास नाही, रंग नाही, माणूस सरळ खाली पडतो. कोणी असा पडलेला दिसला तर धावत आत जाऊ नका, नाहीतर दोघांना बाहेर काढावं लागेल. आधी दारं-खिडक्या सताड उघडा, मदत बोलवा.

७. हादरा बसला तर

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जे झालं ते आपल्या भागात सांगायची गरज नाही. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, तेव्हा नांदेड-परभणीकडचीही माणसं घराबाहेर आली होती. लॅबपुरतं सांगायचं तर प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेला दोन इंचांची पट्टी ठोका, सुतार अर्ध्या दिवसात करतो. हादरा सुरू असताना बाटल्यांच्या कपाटापासून लांब, भक्कम टेबलाखाली. थांबला की हाताशी असलेला बर्नर बंद करून बाहेर, आणि मोबाइल राहिला म्हणून परत आत नाही. आत कुठल्या बाटल्या फुटून एकमेकींत मिसळल्यात, हे बाहेरून कळत नाही.

८. दवाखान्यात जाताना

सोबत तीन गोष्टी न्या: रसायनाचं नाव आणि तीव्रता लिहिलेली चिठ्ठी, त्याचं एसडीएस, आणि धुवायला कधी सुरुवात केली कधी थांबवलं त्या वेळा. बाटली स्वतः नेऊ नका, लेबलचा फोटो काढा. सोबत जाणारा माणूस घडताना तिथे हजर असलेलाच असावा.

कोणता दवाखाना, हे आजच ठरवा. संभाजीनगरात घाटी रुग्णालय आहे, लातूर, नांदेड, अंबाजोगाईला शासकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. तालुक्याच्या ठिकाणी असाल तर रात्री डोळ्यांचे डॉक्टर कुठे मिळतात आणि भाजलेल्यांचा कक्ष कुठे आहे, ते स्वतः जाऊन विचारून या. जखमीला मोटरसायकलवर मध्ये बसवून नेणं हा आपला रिवाज आहे, पण डोळे किंवा छाती भाजलेल्याला तसं नेऊ नका.

९. सराव, आणि घडून गेल्यावर

वर्षातून दोनदा सराव घ्या. एक जुलैत, नवीन मुलं आल्यावर. दुसरा मेमध्ये, दुपारी, लाईट नसताना. आधी जाहीर केलेल्या सरावाला सगळे गॉगल लावून दारातच उभे असतात, त्यातून काही कळत नाही. आमच्या पहिल्या न सांगता घेतलेल्या सरावात ‘बेशुद्ध’ मुलाला उचलायला चारजण धावले आणि फोन कोणीच केला नाही. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने केला. तेव्हापासून बोट दाखवून नाव घेऊन सांगायचं ठरलं: "स्वप्नील, तू एकशे आठला लाव. मामा, तुम्ही गेटवर." फोन झाला की स्वप्नीलने परत येऊन ‘लागला’ असं मोठ्याने सांगायचं.

काही घडलंच, तर त्याच दिवशी एका पानावर लिहून ठेवा: वेळ, काय करत होतो, काय झालं, काय सापडलं नाही. ‘काय सापडलं नाही’ हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. कोणाची चूक, हा रकाना ठेवू नका. ठेवलात तर पुढच्या वेळी मुलं सांगणारच नाहीत आणि तुम्हाला फक्त फुटलेली काच दिसेल. थोडक्यात हुकलेले प्रसंगही लिहा.

मग वापरलेलं सामान त्याच संध्याकाळी भरा. सोडा, गॉज, वाळू, सिलिंडरची पिन. ‘उद्या बघू’ म्हटलं की मागणीपत्रक, तीन कोटेशन आणि मार्च अखेर यात पेटी सहा महिने रिकामी राहते. लाल पट्टीचे दोन्ही जार भरलेत का ते बघा, तारीख टाका, मग कुलूप लावा.